नदीच्या खालच्या अंगाला

सेवाचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला आणि काठी हातातून निसटली. जिवनबाई थोडी मागं होती. चिखल तुडवत ती पुढं आली, क्षणभर थबकली, मग पदर दातांत धरून तिनं सासऱ्याच्या काखेत हात घातला आणि जोर लावून त्याला वर ओढलं. लग्न होऊन तांड्यात आल्यापासून ती या माणसाला कधी शिवली नव्हती. त्याच्यासमोर तोंडावरचा पदर कधी मागं सरला नव्हता, की त्याच्याकडं बघून ती बोलली नव्हती. म्हाताऱ्याचं अंग तिच्या हाताला तव्यासारखं लागलं.

"बापू, ताप हाय तुमाला."

"चालून चालून अंग तापलंय," सेवा म्हणाला. "काठी बघ कुठं गेली."

तिनं काठी शोधून दिली. सेवाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लांबचं त्याला धुरकट दिसे आणि जवळचं त्याहून धुरकट. तरी दोघंही पुन्हा नदीच्या कडेनं चालू लागली. कयाधू आता पात्रात परतली होती, पण ती कुठंवर येऊन गेली ते दोन्ही काठ सांगत होते. बाभळींच्या शेंड्यांना कडब्याच्या पेंढ्या लोंबत होत्या. कापसाची शेतं आडवी होऊन वाळत होती. कुठं मेलेल्या जनावराचा वास आला की सेवा थांबे, आणि जिवनबाई पुढं जाऊन बघून येई. परत आल्यावर ती नुसती मान हलवी. ते त्याला दिसत नसे, पण तिच्या गप्प राहण्यावरून तो समजे आणि काठी पुढं टेकवी.

जगन, तिचा नवरा आणि सेवाचा एकुलता पोरगा, ओढ्यातून गेला होता.

दोन हजार सहाचं ते साल. गोरेगावच्या पलीकडं, ओढ्याच्या काठी त्यांचा तांडा. त्या वर्षी आषाढ कोरडा गेला, पेरलेलं उगवलं नाही, लोकांनी दुसऱ्यांदा पेरलं. आणि मग श्रावणात आभाळानं चार महिन्यांचं पाणी एकदमच ओतलं. आपल्या लहानपणी पाऊस पाहुण्यासारखा यायचा, राहायचा, सांगून जायचा, असं सेवा म्हणत असे. आता तो दरोडेखोरासारखा येतो.

त्या सकाळी मात्र पाऊस उघडला होता. चांगलं ऊन पडलं होतं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं आणि बैल पलीकडच्या शेतात बांधलेले होते, म्हणून जगन ते आणायला गेला. वरच्या अंगाला तलाव होता. रात्रभराच्या पावसानं त्याची भिंत पाझरायला लागली होती. भिंतच जाऊ नये म्हणून कुणीतरी सांडवा कापायचा हुकूम दिला आणि मशीन लावून तो कापला. गावात दवंडी फिरली, देवळाच्या भोंग्यावरूनही सांगितलं. तांडा ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला होता. तिकडं कुणी आलं नाही.

जिवनबाई काठावर कपडे वाळत घालत होती. बैलांचे कासरे धरून जगन ओढ्याच्या मधोमध आला होता. आवाज झाला तसं त्यानं वर बघितलं, आणि मग तिच्याकडं बघून हात जोरानं मागं झटकला. मागं हो, असं. ती मागं झाली. एक बैल पार खाली जाऊन काठाला लागला.

तो तलाव त्यांनीच बांधला होता, हे तांड्यात आता कुणी बोलत नव्हतं. पंधराएक वर्षांमागच्या एका कोरड्या सालात रोजगार हमीचं काम निघालं, तेव्हा जिवनबाई नवी नवरी होती. जगन खणायचा आणि ती पाट्या वाहायची. दुपारी भाकर खाताना तो त्या अर्धवट भिंतीकडं बोट दाखवून म्हणायचा, "इथं पाणी साचलं का, ऊस तोडायला जाणं बंद. लेकरं इथंच वाढवायची." पाणी साचलं, आणि त्यांच्या दोघी पोरी, शिला आणि पुजा, तांड्यातच वाढल्या. त्याचं तेवढं म्हणणं खरं झालं होतं.

पूर ओसरल्यावर तांड्यातली माणसं ओढ्यानं खाली जाऊन आली. पंचायतीची माणसं, पोलीसही येऊन गेले. सगळे परतले. मग जगनची आई मिराबाई ओढ्याच्या काठी जाऊन बसली, ती उठेचना. दोन्ही नाती तिला ओढून आणायच्या, ती पुन्हा जाऊन बसायची. एका सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "पोराला घेऊन या. न्हाई तर तुमी बी येऊ नका." सेवानं काठी उचलली. आंधळ्या माणसाला एकटं कसं सोडायचं म्हणून जिवनबाई मागं निघाली.

ओढा कयाधूला मिळतो तिथून त्यांनी नदी धरली. नरसीला नामदेवाच्या देवळात भिजल्या अंगानं मुक्काम केला. पुढं गावागावांत विचारत गेले. लोक भाकर द्यायचे. कुणी म्हणायचं, न्हाई बाबा, आमच्याकडं न्हाई, आणि ते म्हणताना नजर चुकवायचं. सेवा भाकर तिच्याकडं सरकवायचा. त्याच्या पायांच्या बोटांमधली कातडी चिखलानं सडून फाटली होती. बसलेला उठायचा तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघे, आणि तो आवाज लपवायला तो खोकल्याचं सोंग करी.

आता कळमनुरीच्या बाजूला, नदीच्या वळणावर एका बाईनं त्यांना सांगितलं होतं की पुढच्या शिवारात एका माणसाला अग्नी दिलाय. पुरात आलेला. रामकिशनच्या आखाड्यावर विचारा.

आखाडा म्हणजे शेतातलंच घर होतं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा मांडव. घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराची ओल दिसत होती. मांडवात पन्नाशीचा एक माणूस फावड्याला दांडा बसवत होता. दोघांना बघताच तो उठला. काय काम, कुठले, असं त्यानं काही विचारलं नाही. बाज पुढं ओढली.

"बसा, नाईक," तांड्यातल्या वडीलधाऱ्याला म्हणतात तसं तो म्हणाला.

सेवा बसला. जिवनबाई मांडवाच्या खांबाशी उभी राहिली.

"माझा पोरगा शोधून राहिलो," सेवा म्हणाला. "गोरेगावच्या अंगाचा. ओढ्यातून वाहून गेला."

रामकिशननं आत हाक मारली. त्याची बायको नर्मदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि जिवनबाईकडं बघत तिथंच थांबली.

"पाणी उतरल्यावर हळद बघायला गेलो," रामकिशन म्हणाला. "हळद कुठली, गाळच गाळ. बांधावरच्या बाभळीला माणूस अडकलेला दिसला. वाटा सगळ्या बंद. पोलीस पाटील आला, बघून गेला. फौजदाराला यायला रस्ताच न्हवता. आन ठेवण्याजोगं राहिलं न्हवतं, नाईक. तुमाला काय सांगू."

"उंच व्हता का?"

"लई दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचं काय सांगावं."

सेवानं मान हलवली.

"मंग आमी तितंच दहन केलं. माझ्या मायला ज्या जागी देलं, त्याच जागी. परका म्हणून वेगळी जागा केली न्हाई."

"अग्नी कोणी देला?"

"म्याच देला."

सेवा बाजेवरून उतरला, आणि कुणाला कळायच्या आत खाली वाकून रामकिशनचे पाय चाचपू लागला. रामकिशननं त्याचे दोन्ही हात धरले, त्याला उठवलं, पुन्हा बाजेवर बसवलं.

"अस्थी लिंबाला टांगून ठेवल्यात," नर्मदाबाई म्हणाली. "हे म्हणत व्हते नदीत सोडून देऊ. मी म्हणलं, नदीनंच आणलं त्याला, परत तिच्याच हवाली काहून करता. कोणीतरी येईन." मग जिवनबाईकडं वळून ती म्हणाली, "सदरा बी हाय, माय. पाटलानं ठेवायला सांगितलं, ओळखीसाठी."

तिनं आतून घडी घातलेला सदरा आणला. गाळातून निघालेला तो सदरा तिनं धुतला होता, पुन्हा पुन्हा धुतला असावा, कारण मूळचा पांढरा रंग शिवणींच्या आतून कुठं कुठं दिसत होता. खिशाचा कोपरा फाटला होता आणि तो हिरव्या दोऱ्यानं शिवला होता. बारीक, एकसारखे टाके. पांढरा दोरा घरात नसेल म्हणून हिरवा घेतलेला, पण घाई न करता, दिव्याजवळ बसून घातलेले.

जिवनबाईनं बघितलं. त्या सकाळी जगननं घातलेला सदरा खाकी होता. तिनंच तो दोरीवरून काढून त्याच्या हातात दिला होता.

नर्मदाबाईनं सदरा सेवाच्या हातात ठेवला. सेवानं तो मांडीवर पसरला. त्याची बोटं गळपट्टीवरून फिरली, बाह्यांवरून गेली, खिशापाशी आली. तिथं ती टाक्यांवर सावकाश गेली, आणि परत आली. मग त्यानं सदरा उचलून तोंडाशी धरला. त्याचे खांदे हलत होते.

"माझ्या पोराचाच हाय," तो म्हणाला.

जिवनबाईनं तोंड उघडलं. समोर म्हाताऱ्याचे पाय होते, सुजलेले, बोटांमधून पाणी झिरपत असलेले. पुढं नदी होती, पैनगंगेपर्यंत, आणि तिथूनही पुढं. हा माणूस आता नदी जाईल तिथवर चालत राहील, आणि एखाद्या बांधावर बसेल तो उठणार नाही. मग कुणीतरी त्यालाही परका म्हणून अग्नी देईल. तिकडं ओढ्याच्या काठी म्हातारी बसलेली असेल, आणि दोन्ही पोरी तिला ओढत असतील.

"सूनबाई, तुमी ओळखला का?" रामकिशननं विचारलं.

"व्हय," जिवनबाई म्हणाली.

नर्मदाबाईनं भाकरी टाकल्या, पिठलं केलं. सेवा जेवला. कितीतरी दिवसांत प्रथमच त्यानं ताटातलं परत केलं नाही. जेवून तो बाजेवर आडवा झाला, आणि सदऱ्यावर हात ठेवून त्याचा डोळा लागला.

रामकिशन पायात वहाणा घालत होता. "पाटलाकडं जाऊन नाव लावून येतो," तो म्हणाला. "नाव लागलं का कागद तहसीलला जाईन. तुमालाच बरं पडंन पुढं."

जिवनबाई चुलीपाशी भांडी घेऊन बसली होती. ती हळूच नर्मदाबाईला म्हणाली, "माय, त्यांना जाऊ देऊ नका."

"काहून?"

जिवनबाई राखेनं तवा घासत राहिली. "त्या खिशाला कोण्या बाईनं टाके घातलेत," ती म्हणाली. "ती येईन."

नर्मदाबाई तिच्याकडं बघत राहिली. चुलीतलं लाकूड पुढं सरकवायचं ते तिच्या हातातच राहिलं. मग तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली.

"अहो, पाटील बाजाराला गेला असंल आज. राहू द्या. उद्याचं उद्या बघू."

वहाणा पुन्हा काढल्याचा आवाज आला.

घराच्या मागं लिंब होता. फडक्यात बांधलेलं मडकं नर्मदाबाईनं फांदीवरून उतरवलं. एक लहान बोळकं तिनं धुऊन आणलं आणि दोघी झाडाखाली बसल्या. जिवनबाईनं मडक्यातल्या थोड्या अस्थी दोन्ही हातांनी उचलून बोळक्यात ठेवल्या. कुणाच्या ते तिला माहीत नव्हतं, पण सांडू नयेत म्हणून ती श्वास रोखून होती. उरलेल्या अस्थींचं मडकं तिनं पुन्हा फडक्यात बांधून दिलं.

"सदरा बी राहू द्या. बापू झोपलेत तवर काढून घ्या. म्या सांगन, पाटलाला लागतो म्हणून."

"कोणी आलं तर काय सांगू?"

"आमी आलतो, ते सांगू नका."

नर्मदाबाईनं मडकं फांदीला टांगलं. गाठ बसली का ते ओढून बघितलं. पाठमोरीच राहून तिनं विचारलं, "आन तुझा माणूस, माय?"

जिवनबाईनं शेताकडं बघितलं. शेतात सगळीकडं गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांतून कुठं कुठं हळदीची पिवळी पडलेली पात वर आली होती.

"कोण्या तरी बांधावर त्याला बी जागा भेटली असंल," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कोणीतरी असंलच की खाली."

निघायची वेळ झाली तशी नर्मदाबाई सवयीनं आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. मांडवात सेवा उठून बसला होता. ती दाराच्या आतच थांबली, जिवनबाईला हातानं आत ओढलं, आणि दाराआड तिच्या कपाळाला कुंकू लावलं. उंबरठा ओलांडण्याआधी जिवनबाईनं पदरानं कपाळ पुसलं.

रामकिशननं त्यांना बैलगाडीतून सडकेपर्यंत सोडलं. हिंगोलीपर्यंत एक जीप मिळाली, तिथून गोरेगावची दुसरी. सेवानं बोळकं मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की तो दोन्ही हातांनी ते वर उचलून धरी. सदऱ्याचं विचारलं तेव्हा तिनं पाटलाचं नाव सांगितलं. "बराबर हाय," एवढंच तो म्हणाला. खिडकीतून दिसणाऱ्या नदीकडं जिवनबाईनं बघितलं नाही. नदी सरळ दुसऱ्या दिशेला चालली होती, आणि ती तिला पाठ करून घरी चालली होती.

तांड्यात पोचल्यावर मिराबाई काठावरून उठून आली. तिनं सेवाच्या हातातलं बोळकं घेतलं, छातीशी धरलं आणि दारात बसली. बऱ्याच वेळानं तिला रडू फुटलं. ते ऐकून आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. शिला आणि पुजा आईला येऊन बिलगल्या. धाकट्या पुजानं विचारलं, "बाचं एवढंच?"

दुसऱ्या सकाळी सगळी ओढ्यावर गेली. ऊन स्वच्छ होतं. काठाच्या खडकाशी जिवनबाईला बसवलं. नीलाबाई नावाची तांड्यातली वयस्कर विधवा पुढं झाली आणि तिनं जिवनबाईचा हात मांडीवर घेतला. चुडा घट्ट बसला होता. लग्नात चढवला तेव्हा ती बारीक होती. नीलाबाई हळूहळू एकेक बांगडी फोडत राहिली. तुकडे पाण्यात पडत होते. जिवनबाईनं एक हात झाल्यावर दुसरा आपणहून पुढं केला. बांगड्यांखालची कातडी गोरी आणि मऊ होती, लेकराच्या दंडासारखी.

मग सेवानं बोळकं मागितलं. मिराबाईनं ते सोडायला वेळ लावला. सेवा पाण्यात उतरला तशी त्याला आधाराला म्हणून जिवनबाई त्याच्यासोबत उतरली. तिनं त्याचं कोपर धरलं. ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. मधोमध आल्यावर तो थांबला. मागं काठावर मिराबाई दोन्ही नातींना धरून उभी होती, आणि सगळा तांडा गप्प झाला होता. गेलेल्याचं नाव घेऊन अस्थी सोडायच्या असतात.

सेवानं बोळक्यावरचं फडकं सोडलं. हात पाण्याजवळ नेला आणि तसाच ठेवला. त्याचे ओठ हलले, थांबले. फडकं खांद्यावर टाकून त्यानं मोकळा हात जिवनबाईच्या मनगटावर ठेवला. उघड्या मनगटावरून त्याची बोटं एकदा फिरली.

"पोरी," तिच्या एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ह्याचं खरं नाव काय असंल?"

जिवनबाईनं मागं वळून बघितलं. म्हातारी मान पुढं काढून ऐकत होती.

"जगन म्हणा, बापू," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हणा."

सेवानं मान वर केली, आणि लांब शेतात गेलेल्या पोराला घरी बोलवावं तशी हाक मारली.